आमच्या दाजींची तीन कॅलिबरं

आमच्या पलूसकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात आणि त्याला अहो-जाहो करतात. माणूस कसा आहे हे त्यात कुणी बघत नाही. त्यामुळं परेश कणसे नावाच्या गृहस्थांना मी माझ्या बहिणीच्या, स्वप्नालीच्या लग्नापासून 'या दाजी, बसा दाजी, चहा घ्या दाजी' करत आलोय. तोंडावर दुसरं काही बोलायची सोय नाही, म्हणून इथं बोलतो.

मी सदानंद येसुगडे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि राहायला अजमानला. गेट, ग्रिल, जिने, कपाटं, लोखंडाचं सांगाल ते करून देतो. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. असू दे. गोड बोलून कामं करून घ्यायची म्हटली तर पोरं डोक्यावर बसून मिरे वाटतील.

तर दाजी. ह्या माणसाचं सगळं आयुष्य एका गोष्टीत सांगता येतं. त्यानं आजपर्यंत एक वाक्य स्वतःच्या नावावर बोललेलं नाही. बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का. तर म्हणाले, आमच्या मामांना पसंत आहे. अरे, लग्न तुझं का मामाचं? मला तेव्हाच उठून जावंसं वाटलं होतं, पण पोहे पुढं आले होते आणि वडील खुशीत होते. लग्नानंतर स्वप्नाली माहेरी यायची म्हटलं तर 'आई म्हणते आता नको'. भात नको असला तर 'डॉक्टर म्हणतात'. ड्रायव्हरला गाडी धुवायला सांगायची असली तरी स्वतः सांगायचं नाही, 'सरांनी सांगितलंय'. आणि सर तिकडं लंडनला.

ऑफिसात हे फार चालतं, हे मी कबूल करतो. काम बिघडलं तर सरांनी सांगितलं होतं, आणि काम जमलं तर फोटोत सरांच्या शेजारी दाजी. अंगाला काही चिकटत नाही. पण मुसफ्फामधल्या त्यांच्या आधीच्या कंपनीत एकदा दोन सर होते, आणि दाजींनी एकाच कामाला दोघांचीही नावं सांगितली. दोघं समोरासमोर आले, आणि दोघांनी मिळून आमच्या दाजींना दारापर्यंत पोचवलं.

ते दिवस मी विसरणार नाही. व्हिसा कॅन्सल, हातात मोजकी मुदत. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये स्वप्नाली खोकी भरत होती, आणि एक खोकं भरलं की परत उघडून त्यातलं पातेलं काढून त्यात भात लावत होती. त्यांची मुलगी सान्वी तेव्हा नववीत. ती पोरगी इथंच जन्मली, इथंच वाढली. पलूस तिला फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीतलं आणि डासांचं माहीत. आणि दाजी काय करत होते? सोफ्यावर बसून, मार्केट डाउन आहे असं बातम्यांत म्हणतात, असं सांगत होते.

शेवटी मीच शब्द टाकला. अल खतमजवळ एका अरबी म्हाताऱ्याचं शेत आहे. त्याला सगळे बू हुमैद म्हणतात, म्हणजे हुमैदचा बाप. इथं थोरल्या मुलाच्या नावानंच बापाला हाक मारतात. त्याच्या शेताची सगळी गेटं मी केलेली. म्हातारा जुन्या वळणाचा, हिंदी बोलणारा, कामगारालाही खजूर दिल्याशिवाय पाठवणार नाही असा. मी म्हटलं, बाबा, मेरा बहन का आदमी है, पढ़ा-लिखा है. त्यानं म्हटलं, लेके आओ. झालं, दाजी त्या घराचे मॅनेजर झाले. शेताची बिलं, ड्रायव्हरांचे व्हिसे, गाड्यांचं रिन्यूअल, सगळं त्यांच्याकडं. आणि इथल्या मराठी मंडळात लोकांना काय सांगतात? 'मला तिकडून ऑफर आली.' तिकडून म्हणजे कुठून, ते कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

आता सान्वी बारावीत आहे. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. ह्या घराचा सगळा डोलारा त्या एका नोकरीवर उभा आहे, दाजींचा व्हिसा गेला की आई आणि पोरगी दोघींचाही गेला. त्यामुळं दाजींचा फोन अवेळी वाजला की स्वप्नालीच्या हातातलं काम थांबतं, आणि ते फोनवर नीट बोलताहेत असं दिसेपर्यंत ती तशीच उभी राहते. भाऊ आहे मी, मला दिसतं ते.

ह्या बू हुमैदकडं बंदुका आहेत. लायसनच्या, जुन्या, घराण्यातल्या. काही त्याच्या बापाच्या, काही मित्रांनी दिलेल्या, काही त्यानं हौसेनं घेतलेल्या. बंदुका पुष्कळ म्हणजे त्यांच्या गोळ्यांची मापंही पुष्कळ. त्या मापाला कॅलिबर म्हणतात, हे मला दाजींनी शिकवलं, आणि मी न विचारता शिकवलं. एका कॅलिबरची गोळी दुसऱ्या बंदुकीत चालत नाही. त्यामुळं म्हाताऱ्याकडं आठ तऱ्हेची काडतुसं होती, आणि त्यातली काही मिळवायची म्हणजे आता डोकेदुखी.

म्हाताऱ्यानं नवी बैठक बांधली आणि बंदुकांची खोलीही नवी करायला काढली. काडतुसांचं कपाट करायचं काम माझ्याकडं आलं. जाड पत्रा, आणि प्रत्येक कॅलिबरला वेगळा कप्पा, वेगळं कुलूप. मी दाजींना फोन करून विचारलं, कप्पे किती करू? एवढा साधा प्रश्न. दाजी म्हणाले, थांबा, ते अजून फायनल नाही, त्यावर स्टडी चाललाय.

स्टडी म्हणजे यूट्यूब. दाजींना कुणीतरी अमेरिकेतले व्हिडिओ पाठवले होते. टोपी घातलेले, दाढी वाढवलेले बाप्ये तळघरात उभे राहून सांगतात की जगात उद्या उलथापालथ झाली तर काय. त्यांचं म्हणणं, बंदुका किती का असेनात, कॅलिबरं थोडी ठेवा, म्हणजे साठा सोपा जातो. त्यांच्यापुरतं ते खरंही असेल, मला त्यातलं कळत नाही. पण दाजींच्या अंगात ते असं भिनलं की विचारू नका. मंडळाच्या मिसळपार्टीत हातात पाव घेऊन चार अकाउंटंटना सांगत होते, बारा बोअर, पॉइंट टू टू आणि थ्री-नॉट-एट, बस, तीन कॅलिबरच्या वर माणसानं जाऊ नये. ते चौघं माना डोलावत होते. त्या चौघांकडं मिळून भाजी चिरायच्या सुरीपलीकडं शस्त्र नव्हतं.

सान्वीच शेवटी म्हणाली, "पापा, यू हॅव नेव्हर फायर्ड अ गन." दाजी म्हणाले, बेटा, इट्स अबाउट लॉजिस्टिक्स. आणि खोटं कशाला बोला, एकदा उडवली आहे त्यांनी. गणपतीच्या आनंदमेळ्यात फुग्यांच्या स्टॉलवर छऱ्याची बंदूक होती. दाजींनी एक डोळा मिटला, तो चुकीचा मिटला, आणि छरे गेले मागच्या पडद्यात. फुगे सगळे जिथल्या तिथं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण इथं पाणीच नव्हतं, नुसता खळखळाट.

एक दिवस दाजी वर्कशॉपवर आले. एसी गाडीतून उतरून दारातच उभे राहिले, आत आले तर बुटांना कीस लागेल. म्हणाले, फायनल झालं, तीन कप्पे करा. मी विचारलं, म्हाताऱ्यानं सांगितलं का? तर म्हणाले, हुमैद सरांनी सांगितलंय. खोदून विचारल्यावर कळलं ते असं. हुमैद, म्हणजे म्हाताऱ्याचा थोरला, गाडीत कुणाशी तरी फोनवर काडतुसांवरून वैतागला होता, आणि फोन ठेवल्यावर म्हणाला होता की एवढी कशाला, तीन बस झाली. पुढच्या सीटवर दाजी. दाजींनी ते उचललं. यूट्यूबचे बाप्ये तीन म्हणतात, धाकटे मालक तीन म्हणतात, उद्या सगळा कारभार त्यांच्याकडंच येणार. दाजींना आणखी काय पाहिजे?

मी म्हटलं, दाजी, पत्रा एकदा कापला की कापला. बंदुका बापाच्या आहेत, बापानं सांगितल्याशिवाय मी मशीन चालू करणार नाही. त्यांचं तोंड जरा वाकडं झालं. मग म्हणाले, ठीक आहे, शुक्रवारी माझ्याबरोबर चला, तुमच्यासमोर फायनल करून देतो. मला मापं घ्यायचीच होती, म्हणून मी गेलो.

शुक्रवारी दुपारी शेतावर पोचलो. बंदुकांच्या खोलीची किल्ली इद्रीसकडं असते. हा वयस्क बलुची नोकर, त्या घरात तरुणपणापासून आहे. त्यानं खोली उघडली आणि मी भिंतीचं माप घेत असताना लांबूनच एकेक बंदूक दाखवली. ही पक्ष्यांच्या शिकारीची, ही हुमैद लहान असताना नेम शिकला ती. एका कोपऱ्यात एक जुनी, लाकूड काळं पडलेलं, पट्ट्याला चामड्याची डागडुजी. थ्री-नॉट-थ्री. बाबांच्या वडलांची, इद्रीस म्हणाला. इथं तेल सापडायच्या आधी, घरात खायला नव्हतं तेव्हाही ही बंदूक विकली नव्हती. म्हातारा दर शुक्रवारी तिला स्वतः पुसतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

मी दाजींकडं बघितलं. दाजी मोबाइलवर काहीतरी वाचत होते. मी हळूच म्हटलं, दाजी, ही तुमच्या तिनात बसत नाही. ते म्हणाले, ऑब्सोलीट आहे हो ती. मी म्हटलं, मग आज काही बोलू नका, म्हातारा काय म्हणतो ते ऐकू फक्त. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की लोखंड कापणाऱ्यानं लोखंड कापावं.

अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर बैठक भरली. खाली गाद्या, भिंतीला लोड, मधोमध गाव्याची, म्हणजे अरबी कॉफीची किटली. म्हाताऱ्याचे दोन-तीन दोस्त, हुमैद, दाजी, दाराजवळ इद्रीस आणि त्याच्याशेजारी मी. मी बाहेर थांबत होतो, पण म्हाताऱ्यानं आत बोलावून बसवलं. त्या घरात दारात कुणाला उभं ठेवत नाहीत.

गप्पा चालल्या होत्या उंटांच्या आणि गुडघेदुखीच्या. मग म्हाताऱ्यानं कपाटाचा विषय काढला. आठ तऱ्हेची काडतुसं आहेत, काही आता मिळत नाहीत, किती ठेवावीत, असं त्यानं सगळ्यांना विचारलं. वयानं मोठ्या दोस्तापासून सुरुवात करून एकेकाला विचारत आला. आता इथं एक रीत आहे, ती इतकी वर्षं इथं राहिलेल्या कुणालाही कळावी. म्हातारा विचारतो तो मान म्हणून विचारतो. विचार त्याचा झालेला असतो. पहिल्या दोस्तानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "अश्शोर शोरक." म्हणजे, तुमचा विचार तोच आमचा. दुसराही तेच म्हणाला. हुमैद तर खाली मान घालून बसला होता. बापासमोर असल्या गोष्टीत मुलगा तोंड उघडत नाही. गाडीत तो काहीही वैतागू दे, इथं त्याचंही तेच.

मग म्हाताऱ्यानं हसून विचारलं, "परेश, तुम क्या बोलता?"

एक शब्द बोलायचा होता. अरबीत येत नसेल तर हिंदीत बोलायचा, 'जैसा आप बोलो बाबा'. हा माणूस जन्मभर तेवढंच तर बोलत आलाय. आणि त्या दिवशी नेमकं त्याला मत सुचलं. दाजींनी मोबाइल काढला. स्टँडर्डायझेशन, इन्व्हेंटरी, फालतू मेंटेनन्स, असं हिंदी-इंग्लिशमध्ये सुरू केलं. बारा बोअर, पॉइंट टू टू, थ्री-नॉट-एट, बाकी सगळं काढून टाकायचं. जुन्या बंदुका कुणी म्युझियमवाला नेत असेल तर बघू म्हणाले. म्हाताऱ्याचं हसू हळूहळू कमी होत गेलं. ते आम्हा सगळ्यांना दिसलं, दाजींनाही दिसलं. आणि अंगावर येतंय असं दिसल्यावर दाजींनी जन्मभर केलं तेच केलं.

"हुमैद सर का भी यही बोलना है, बाबा. सरने ही बोला, तीन बस."

म्हणजे बघा, काय झालं होतं. बाप जिवंत, समोर बसलेला, बापाचे दोस्त बसलेले, आणि त्यांच्यादेखत हुमैद आजोबांची बंदूक घराबाहेर काढणारा नातू ठरला. म्हाताऱ्यानं मुलाकडं वळून अरबीत हळू काहीतरी विचारलं. हुमैदनं मान वर न करता एकच शब्द सांगितला, ला. नाही. दुसरं काय सांगणार तो? त्याच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.

आता दाजी खोटे ठरले. बाप लेकात लावून देणारा नोकर. असल्या माणसाला कुणी घरात ठेवतं का?

पण म्हातारा मोठ्या मनाचा. त्यानं वाट काढून दिली, मला तर स्पष्ट दिसत होतं की तो वाट काढून देतोय. तो शांतपणे म्हणाला, "हुमैद ने नहीं बोला. तो ये किसका बात है? तुम्हारा अपना बात है?"

हो म्हणायचं होतं फक्त. जी बाबा, माझं मत होतं, चुकलं. संपलं असतं सगळं. म्हातारा हसला असता, कपात गावा ओतला असता, दोस्तांनी थट्टा केली असती, आणि हुमैदनंही मनातल्या मनात उपकार मानले असते. सगळी बैठक त्या एका 'जी'ची वाट बघत होती. हुमैदनं पहिल्यांदा मान वर करून दाजींकडं बघितलं. मी देवाला हात जोडायचे बाकी ठेवले होते. बोल रे, एकदा तरी स्वतःचं म्हणून बोल, तुझ्या पोरीसाठी बोल.

दाजींचे डोळे बैठकीत फिरले. आपल्याला कुणाच्या तरी मागं उभं राहायला जागा मिळते का, ते बघत होते. दोस्तांवरून फिरले, इद्रीसवरून फिरले, आणि माझ्यावर येऊन थांबले.

"नहीं बाबा. ये मेरा साला बोला. अलमारी यही बना रहा है. ये बोला तीन खाना काफी है, बाकी निकाल दो."

मला आधी कळलंच नाही की हा माझ्याविषयी बोलतोय. कळलं तेव्हा कानशिलं तापली. मी खोटं म्हणून सांगायला तोंड उघडलंसुद्धा. ह्या माणसाला मी इथं आणला, मी त्याला भाकरीला लावला, आणि हा माझ्यावर घाण टाकतोय. त्याच बैठकीत त्याचं सगळं पितळ उघडं पाडायला मला दोन वाक्यं पुरली असती. इद्रीस साक्षीला होता, भाषा कळली नसली तरी खोलीत मी दाजींना आवरत होतो ते त्यानं बघितलं होतं.

पण मग काय? दुसऱ्यांदा खोटा ठरलेला मॅनेजर त्या घरात संध्याकाळपर्यंतही टिकला नसता. मला स्वप्नालीची ती खोकी दिसली. परीक्षेच्या तोंडावर पोरीला विमानात बसवायचं, का? तर मामाला आपलं खरं करायचं होतं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "सदानंद? तुम बोला?"

मी म्हटलं, "जी बाबा. मैं बोला. गलती हो गया."

म्हातारा बराच वेळ माझ्याकडं बघत होता. त्याला खरं कळलं होतं का, मला आजही सांगता येत नाही. कळलं असलं तरी बोलणं कुठंतरी टेकवायला हवं होतं, आणि मुलाच्या डोक्यावर टेकवण्यापेक्षा माझ्या डोक्यावर बरं होतं. तो म्हणाला, "मेरे बाप का बंदूक तुमको ज्यादा लगा?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली. मग त्यानं इद्रीसला सांगितलं, आठही राहतील, आणि बोलणं परत उंटांवर नेलं. माझा कप नंतर कुणी भरला नाही.

गाडीत बसलो. गाडी मीच चालवत होतो, बोललो असतो तर स्टिअरिंगसकट बोललो असतो. थोड्या वेळानं दाजींना फोन आला, अरबी-इंग्लिशमध्ये येस सर, येस सर झालं. फोन ठेवून म्हणाले, हुमैद सर म्हणतात कपाटाचं काम आता दुसऱ्या वर्कशॉपला देऊ, तुम्हाला देणं बरं दिसणार नाही. सर खरंच म्हणाले का दाजींनी सुचवलं, ते देवाला माहीत. मी म्हटलं, बरं. पुढं म्हणाले, हे बघा, तुमचं तिथं काय जाणार होतं? तुमचं स्वतःचं वर्कशॉप आहे. माझी नोकरीची गोष्ट आहे. मग म्हणाले, आणि तसं बघितलं तर तुम्हीच म्हणालात ना, पत्रा कापायच्या आधी विचारून घेऊ. विचारायला गेलो म्हणून तर झालं हे.

मी त्यांच्याकडं बघितलं. थट्टा करत नव्हते. अल खतमच्या बैठकीत त्यांनी माझ्यावर ढकललं होतं, आणि मुसफ्फाचे दिवे दिसायला लागेपर्यंत त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. ह्या माणसाचा मला इतका राग कधी आला नव्हता. खरं म्हणजे रागही नाही. रागवायला समोर कुणीतरी लागतं, इथं सीटवर नुसता शर्ट बसला होता.

मी त्यांना सोडून बिल्डिंगखालूनच अजमानला निघत होतो, पण स्वप्नालीचा आग्रह, जेवल्याशिवाय जायचं नाही. वर गेलो. मी हातपाय धुऊन येईपर्यंत दाजींचं स्वयंपाकघरात सगळं सांगून झालं होतं. त्यांच्या पद्धतीनं. मी बाहेर आलो तेव्हा स्वप्नाली ताटं मांडत होती. भाकरीची परात तिनं जरा आपटूनच ठेवली.

"दादा, तुला कुणी विचारलं होतं का रे तिथं?" ती म्हणाली. "पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. ह्यांची नोकरी गेली असती म्हणजे?"

सान्वी टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. तिनं हेडफोन काढले आणि माझ्याकडं बघितलं. "मामा, व्हॉट वेअर यू थिंकिंग?" पोरगी रागावून बोलली असती तर चाललं असतं. ती घाबरून बोलली.

मी दाजींकडं बघितलं. दाजी ताटातली चटणी बोटानं सारखी करत होते. आता तरी बोलतील, मला वाटलं. इथं कोण आहे, बायको आणि पोरगी. इथं काय जाणार आहे ह्यांचं? मी थांबलो. चटणी सारखी करून झाली, त्यांनी त्यावर तेल घेतलं.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं.

स्वप्नालीला रडू येत होतं, ते तिनं आवरलं. माझ्या ताटात भाकरी वाढली, पण माझ्याकडं बघितलं नाही. मग दाजींनी मान वर केली आणि फार समजुतीनं, घरातला मोठा माणूस बोलतो तसं बोलले.

"जाऊ दे गं स्वप्ना. बोलून गेले बिचारे. त्यांना काय कळतंय कॅलिबरमधलं? मी घेतलं ना सांभाळून."

उठून त्यांच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं. पण ते ऐकून माझी बहीण हसली, डोळे पुसत पुसत हसली, आणि सान्वीनं हेडफोन परत कानाला लावले. मी भाकरी मोडली.